बेसी कोलमन यांनी त्या दिवशी पट्टा का सोडला होता? उघड्या विमानातला अपघात आणि खांद्याच्या पट्ट्याची १०० वर्षांची गोष्ट

आज ३० एप्रिल. बरोबर १०० वर्षांपूर्वी, १९२६ साली याच दिवशी सकाळी अमेरिकेतल्या जॅक्सनविल शहरावर एक जुनं, दोन आसनांचं, वरून उघडं विमान उडत होतं. विमान चालवत होते मेकॅनिक विल्यम विल्स. दुसऱ्या आसनावर होत्या बेसी कोलमन. वय ३४. विमान चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी महिला. साधारण दहा मिनिटांनी विमानाने अचानक नाक खाली केलं, गिरक्या घेतल्या आणि ते उलटं झालं. बेसी यांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्या विमानाबाहेर फेकल्या गेल्या आणि जागीच गेल्या.

सोशल मीडियावर त्यांच्याविषयी फिरणाऱ्या पोस्ट बहुधा इथेच थांबतात. पट्टा लावला असता तर वाचल्या असत्या, एवढंच सांगून मोकळ्या होतात. पण इतकी तयारीची वैमानिक पट्टा सोडून का बसली होती? पट्टा असता तर खरंच काही फरक पडला असता का? आणि उघड्या विमानात धड पट्टा बसवणं आजही अवघड का मानलं जातं?

हा विषय डोक्यात आला तो गावामुळे. माझं गाव चिरनेर, पनवेल-उरण पट्ट्यातलं. अक्कादेवीच्या डोंगरावरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे अनेकांनी नाव ऐकलेलं असेल. नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आणि गावातली पोरं आता विमानाचा आवाज आला की अंगणात येतात. मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याने पहिला विमानप्रवास केला. परत आल्यावर त्याने मला एकच विचारलं, की काका, गाडीत पट्टा खांद्यावरून येतो, मग विमानात नुसता कमरेला का? मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी असूनही मला झटकन उत्तर देता आलं नाही. शोधताना वाट बेसी कोलमन यांच्यापर्यंत गेली.

कोण होत्या बेसी कोलमन?

जन्म २६ जानेवारी १८९२, टेक्सास राज्यातल्या अटलांटा या छोट्या गावी. जॉर्जियातलं मोठं अटलांटा ते वेगळं. जॉर्ज आणि सुझन कोलमन यांच्या तेरा मुलांपैकी त्या दहाव्या. आईवडील वाट्याने शेती करणारे. बेसी दोन वर्षांच्या असताना कुटुंब वॉक्साहाची गावी आलं. वडिलांकडून त्यांना मूळनिवासी अमेरिकी वारसाही होता. वडील १९०१ मध्ये ओक्लाहोमाच्या बाजूला निघून गेले. आई मुलांना घेऊन मागे राहिली.

शाळा एका खोलीची आणि घरापासून सहा-साडेसहा किलोमीटर दूर. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा बंद, घरातले सगळे शेतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायची गरज नाही. गणितात त्या हुशार होत्या. कपडे धुऊन-इस्त्री करून पैसे साठवले आणि १९१० मध्ये ओक्लाहोमातल्या लँगस्टनच्या कॉलेजात नाव घातलं. एक सत्र झालं आणि पैसे संपले. पुन्हा घरी, पुन्हा कपडे धुणं.

गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम पन्नास वर्षं होत होती. ती संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं होतं. मात्र कायदा बदलला तरी टेक्सासमध्ये गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा, शाळा वेगळ्या, दरवाजेही वेगळे. बेसी यांचं सगळं आयुष्य या दरवाज्यांशी भांडण्यात गेलं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

तेविशीच्या आसपास त्या भावांकडे शिकागोला गेल्या. तिथे एका केशकर्तनालयात पुरुषांच्या नखांची निगा राखण्याचं काम मिळालं. पहिलं महायुद्ध संपलं, फ्रान्समध्ये लढून आलेला भाऊ जॉन घरी आला आणि बहिणीला चिडवू लागला, की तिकडच्या बायका विमानं उडवतात, तुमच्याने ते व्हायचं नाही. ही चेष्टा बेसी यांनी मनावर घेतली.

अमेरिकेत एकही विमान शाळा त्यांना घ्यायला तयार झाली नाही. एक तर बाई, त्यात काळी. शिकागो डिफेंडर या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वृत्तपत्राचे प्रकाशक रॉबर्ट ॲबट यांनी त्यांना फ्रान्सला जायचा सल्ला दिला. बेसी यांनी नोकरी सांभाळून फ्रेंच शिकायला सुरुवात केली, पैसे जमवले, थोडे मदतीचे मिळाले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये त्या बोटीने निघाल्या.

फ्रान्समध्ये काय शिकल्या?

उत्तर फ्रान्समधल्या ल क्रोतोय इथली कोद्रोन बंधूंची शाळा तेव्हा नावाजलेली होती. शिकण्यासाठी विमान होतं न्यूपोर ८२. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, वर-खाली दोन पंख. ब्रेक नव्हते. जमिनीवर उतरल्यावर शेपटीखालची लाकडी पट्टी घासत जायची आणि विमान थांबायचं. सोबत शिकणाऱ्या एकाचा अपघाती मृत्यू त्यांनी तिथेच पाहिला. तरी शिकणं सोडलं नाही. १५ जून १९२१ रोजी त्यांना आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला.

हा काळ नीट लक्षात यावा म्हणून आपल्याकडचं एक वर्ष सांगतो. जेआरडी टाटा यांना मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला तो फेब्रुवारी १९२९ मध्ये. बेसी त्याच्या जवळपास आठ वर्षं आधीच्या.

परत आल्यावर अमेरिकेत कौतुक झालं, पण नोकरी कुठली? प्रवासी विमान कंपन्या जवळपास नव्हत्याच. वैमानिकाला पोट भरायचं तर हवाई कसरती करायच्या. आपल्या जत्रांत मौत का कुआँ असतो, तसाच हा धंदा. गावाबाहेरच्या माळावर तिकीट लावायचं, विमान उलटंपालटं करून दाखवायचं, कुणी पंखावर चालायचं, कुणी पॅराशूटने उडी मारायची. त्यासाठी लागणाऱ्या कसरती शिकायला बेसी १९२२ मध्ये पुन्हा युरोपात गेल्या. ३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्डवर त्यांचं अमेरिकेतलं पहिलं प्रदर्शन झालं. ते होतं महायुद्धात लढलेल्या ३६९ व्या कृष्णवर्णीय पायदळ रेजिमेंटच्या सन्मानार्थ.

पुढे त्यांनी स्वतःचं विमान घेतलं. कर्टिस जेएन-४, लाडाचं नाव जेनी. महायुद्धात शिकाऊ वैमानिकांसाठी ही विमानं हजारोंनी बनवली होती आणि युद्ध संपल्यावर सरकारने ती भंगारच्या भावात काढली. ९० अश्वशक्तीचं इंजिन, ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेग, एकामागे एक दोन उघडी आसनं. फेब्रुवारी १९२३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ त्यांच्या जेनीचं इंजिन उड्डाणानंतर लगेच, सुमारे ९० मीटर उंचीवर बंद पडलं. विमान कोसळलं. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. सावरायला महिने गेले.

दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. एक, त्यांना सिनेमात काम मिळालं होतं. पहिल्याच दृश्यात फाटके कपडे घालून, गाठोडं घेऊन यायचं, असं कळल्यावर त्यांनी काम सोडलं. गरीब काळी बाई म्हणजे असंच काहीतरी, हे चित्र त्यांना पुन्हा उभं करायचं नव्हतं. दुसरी, वॉक्साहाचीच्या प्रदर्शनात गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांना वेगवेगळ्या दरवाज्यांनी सोडायचं ठरलं होतं. दरवाजा एक नसेल तर उडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दरवाजा एक झाला. आत बसायची जागा मात्र वेगळीच राहिली.

हे सगळं करण्यामागे एक ध्येय होतं. काळ्या मुलामुलींसाठी विमान शाळा काढायची. त्यासाठी त्या चर्चमध्ये, शाळांत, थिएटरांत भाषणं द्यायच्या. फ्लोरिडात ऑरलँडोला त्यांनी ब्युटी पार्लरही काढलं. डॅलसमध्ये एक जुनी जेनी हप्त्यांवर घेतली होती. तिचे शेवटचे पैसे भरायलाही दुसऱ्याची मदत घ्यावी लागली.

३० एप्रिल १९२६ ला नेमकं काय झालं?

१ मे रोजी जॅक्सनविलमध्ये प्रदर्शन होतं. विल्स यांनी ती जेनी डॅलसहून उडवत आणली. वाटेत इंजिनाने दगा दिल्याने त्यांना एकाहून अधिक वेळा मध्येच उतरावं लागलं. विमानाची प्रकृती काय होती, हे यावरून कळावं.

दुसऱ्या दिवशी बेसी पॅराशूटने उडी मारणार होत्या. उडी मारण्याआधी जागा वरून पाहून घ्यायची असते. तारा कुठे आहेत, झाडं कुठे आहेत, गर्दी कुठे उभी असेल, वारा कुठून येतो. म्हणून विमान विल्स यांच्या हाती देऊन बेसी दुसऱ्या आसनावर बसल्या. जेनीचं आसन खोल, बाजूच्या कडा उंच. बेसी फार उंच नव्हत्या. कमरेचा पट्टा आवळून बसलं तर त्यांना दिसणार फक्त आकाश. खाली पाहायचं तर उठून, कडेवरून वाकूनच पाहावं लागणार. त्यांनी पट्टा सोडला तो यासाठी.

पुढे विमान सुळकन खाली गेलं, गिरकीत सापडलं, दीडशेएक मीटर उंचीवर उलटं झालं. बेसी पडल्या. विल्स यांना विमान सावरता आलं नाही आणि जमिनीवर आदळून तेही मरण पावले. धावत आलेल्यांपैकी एकाने सिगारेट पेटवली आणि सांडलेल्या पेट्रोलने भंगार जळून गेलं. नंतर सापडलं ते असं, की इंजिनाच्या कामासाठी वापरलेला एक पाना विमानात राहून गेला होता आणि तो यंत्रणेत जाऊन अडकल्याने विमान हाताबाहेर गेलं.

म्हणजे पट्टा असता तर बेसी वाचल्या असत्या का? मला तसं वाटत नाही. विल्स विमानातच होते, तेही वाचले नाहीत. त्या जेनीत पट्टा असायचा तो फक्त कमरेचा. तो बेसी यांना विमानात धरून ठेवू शकला असता. जमिनीवर आदळताना छाती आणि डोकं धरणारं काहीच नव्हतं. त्यामुळे सगळा दोष न बांधलेल्या पट्ट्यावर टाकणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. मोडकळीला आलेलं विमान, विसरलेला पाना आणि बांधला तर काम करता येणार नाही असा पट्टा, हे तिन्ही त्या सकाळी एकत्र आले.

उघड्या विमानातून माणूस पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. अमेरिकेत परवाना मिळवणाऱ्या पहिल्या महिला हॅरिएट क्विंबी आणि त्यांच्यासोबतचे विल्यम विलर्ड १ जुलै १९१२ रोजी बॉस्टनजवळ असेच विमानातून फेकले गेले होते. त्यांच्या विमानात पट्टेच नव्हते. आणखी विचित्र म्हणजे दोघं पडल्यावर ते रिकामं विमान तरंगत खाली उतरलं आणि चिखलात रुतलं.

खांद्याचा पट्टा तेव्हा नव्हताच का?

होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातल्या ऑलिव्हर सटन या वैमानिकाने चार पट्ट्यांचं हार्नेस तयार केलं होतं. दोन पट्टे मांड्यांवरून, दोन खांद्यांवरून, चारही मध्ये एका खिळीवर अडकवलेले. खिळी ओढली की चारही सुटायचे. पुढे टायगर मॉथपासून स्पिटफायरपर्यंत अनेक ब्रिटिश विमानांत सटन हार्नेस होतं. अमेरिकेतल्या भंगार बाजारातून घेतलेल्या जेनीत ते कोण बसवणार?

ते बसवायचं म्हटलं तरी कसं, हा प्रश्न आजही आहे. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये उघडी विमानं बांधणारे हौशी लोक हजारोंनी आहेत. बर्नार्ड पीटनपोल यांच्या एअर कॅम्परचे आराखडे १९३० च्या दशकात छापले गेले आणि त्यावरून लाकडाची विमानं अजूनही बांधली जातात. आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं विमान मात्र बंद केबिनचं. उघड्या विमानाची अडचण अशी, की पट्टा बांधायला वर छतच नाही.

आधी जोर किती येतो ते पाहू. समजा विमान ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर, जमिनीवर आदळलं आणि दोन मीटरमध्ये थांबलं. गणित केलं तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट झटका बसतो. ७० किलोचा माणूस त्या क्षणी ७०० किलोचा होतो. फक्त कमरेचा पट्टा असेल तर धड चाकूच्या पात्यासारखं मिटतं आणि तोंड समोरच्या घड्याळांच्या फळीवर आपटतं. अशा वेळी चाचण्यांमध्ये साधारण ६० टक्के भार कमरेच्या आणि ४० टक्के भार खांद्याच्या पट्ट्यांवर धरतात. ७०० चे ४० टक्के म्हणजे २८० किलो. सिमेंटच्या साडेपाच गोण्या एका टोकाला लटकवल्यासारखं. विमानाच्या पाठीमागचं पातळ प्लायवुड किंवा कापडाखालची पट्टी हे पेलूच शकत नाही.

मग मागच्या एखाद्या मजबूत पाइपला बांधायचा? इथे खरी मेख आहे. एक सोपा प्रयोग करून पाहा. स्टुलावर ताठ बसा, पंचा दोन्ही खांद्यांवरून मागे सोडा आणि घरातल्या कुणाला तरी तो हळूच सरळ मागे ओढायला सांगा. छाती मागे जाते, त्रास होत नाही. आता तोच पंचा मागून खाली जमिनीकडे ओढायला सांगा. खांदे दबतात, पाठीचा कणा मिटल्यासारखा वाटतो. अपघातात तोच दाब शेकडो किलोचा होतो आणि मणके चेपले जातात. म्हणून नियम असा, की खांद्यावरून पट्टा मागे जाताना तो आडवा किंवा थोडा वर जायला हवा. आडव्या रेषेच्या वर ३० अंशांपर्यंत चालतं. खाली फार तर पाच अंश.

उघड्या विमानात बसलेल्या माणसाचे खांदे मात्र विमानाच्या मुख्य सांगाड्याच्या वर असतात. मुख्य पाइप कोपराच्या किंवा काखेच्या उंचीला. म्हणजे पट्टा सरळ पाइपला बांधला की ओढ आपोआप खालीच. जमिनीला किंवा आसनाच्या तळाला बांधला तर विचारूच नका. काही जण हे करतात, कारण तिथे बोल्ट टाकायला सोपं असतं. पट्टा आहे याचं समाधान मिळतं आणि कणा धोक्यात येतो.

यावर उपाय दोन. एक, डोक्यामागे उंच निमुळता उंचवटा असतो, त्याच्या आत पाइपचा त्रिकोणी सांगाडा उभा करायचा आणि पट्टा त्याच्या माथ्याला बांधायचा. तोच सांगाडा विमान जमिनीवर उलटलं तर डोकंही वाचवतो. दुसरा, खांद्यामागे पट्टे एकत्र आणून पुढे पोलादी तार शेपटीच्या दिशेने लांब न्यायची. अंतर जितकं लांब, तितकी खाली जाणारी ओढ कमी तिरकी. तार पोलादीच हवी, कारण लांबलचक कापडी पट्टा झटक्यात ताणला जातो आणि डोकं तेवढंच पुढे जातं. तारेचं टोक पाइपच्या मधोमध नको, तिथे पाइप वाकतो. जिथे तीन-चार पाइप वेल्डिंगने एकत्र येतात त्या सांध्यावर हवं. लाकडी विमानात एका फळीला बोल्ट मारून भागत नाही. मागे धातूची पट्टी देऊन जोर दोन्ही बाजूंच्या मुख्य लाकडांवर पसरवावा लागतो.

पुढच्या आसनाचं दुखणं वेगळं. त्याच्या पाठीमागे लगेच मागच्या माणसाची घड्याळं. तिथे बहुधा नुसती फळी असते, आणि पुढच्या माणसाचा पट्टा त्या फळीला बांधला तर अपघातात फळीसकट सगळं पुढे येतं. आधी दोन आसनांच्या मध्ये भक्कम आडवा पाइप टाकायचा, मगच पट्टा.

बारीकसारीक गोष्टीही असतात. खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर पोटावर सरकतो. तो ओटीपोटाच्या हाडांवरच राहावा म्हणून दोन पायांमधून पाचवा पट्टा देतात. सैल टोकं वाऱ्यात फडफडून अंगावर चाबकासारखी बसतात, ती अडकवायला वेगळे फास लागतात. आणि कुलूप एकच हवं, एका हाताने सुटणारं. उलटं लटकलेल्या माणसाला चार कुलुपं शोधायला वेळ नसतो.

आता बेसी यांच्याकडे परत येऊ. त्यांना हवा होता वाकू देणारा, पण झटका बसला की अडवणारा पट्टा. आज तो आहे. गाडीत हळू ओढला तर सुटतो आणि जोरात ओढला तर अडतो, तोच प्रकार. कसरतीच्या विमानात मात्र तो चालत नाही, कारण विमान हळूहळू उलटं होताना त्याला झटका कळत नाही आणि माणूस आसनातून सुटतो. तिथे हाताने आवळायचे पट्टेच वापरतात. १०० वर्षांनीही पाहणं आणि घट्ट बसणं यांतलं भांडण पुरतं मिटलेलं नाही.

मग गाडीतला पट्टा कुठून आला?

विमानातूनच. पहिल्या महायुद्धात कॅनडात ब्रिटिश हवाई दलात शिकत असलेले ह्यू डीहेवन दोन विमानांच्या टकरीतून वाचले. पोटात आतून झालेल्या जखमा पट्ट्याच्या टोकदार बकलमुळे झाल्या, असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे वाचवणाराच मारू शकतो. डॉक्टर नसतानाही त्यांनी पुढे उंचावरून पडून वाचलेल्या माणसांचा अभ्यास केला आणि १९४२ पासून कॉर्नेल विद्यापीठात अपघातातल्या जखमांवर संशोधन चालवलं. व्होल्वोच्या गाडीतला तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये आला. तो करणारे निल्स बोलिन आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम करत होते.

लहान विमानांत मात्र हे उशिरा पोहोचलं. अमेरिकेत नव्या छोट्या विमानांच्या पुढच्या आसनांना खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला तो जुलै १९७८ पासून. सगळ्या आसनांना डिसेंबर १९८६ पासून. बेसी यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी.

पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथे मिळतं. मोठ्या प्रवासी विमानात आपल्यासमोर पुढच्या आसनाची पाठ असते, ती आपटल्यावर दुमडते, आणि पुढे वाकून डोकं टेकवायला शिकवलेलं असतं. मुख्य म्हणजे प्रत्येक आसनाला खांद्याचा पट्टा द्यायचा तर आसनाची पाठ आणि खालची जमीन खूप भक्कम, म्हणजे जड करावी लागते. वैमानिकांना आणि कर्मचाऱ्यांच्या घडीच्या आसनांना मात्र खांद्याचे पट्टे असतातच. पुढच्या वेळी विमान उतरताना समोर बसलेल्या कर्मचाऱ्यांकडे पाहा.

गाडीत पट्टा असूनही तो न लावण्याची किंमत महाराष्ट्राने ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात पाहिली. उद्योगपती सायरस मिस्त्री तेव्हा मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

बेसी यांच्यानंतर

जॅक्सनविल आणि ऑरलँडोला प्रार्थना झाल्या, मग पार्थिव शिकागोला नेलं. तिथे सुमारे दहा हजार लोक जमले. सभेचं नेतृत्व वंशभेदाविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी केलं. गोऱ्यांच्या अनेक वृत्तपत्रांनी बातमी दिली ती विल्स यांची. बेसी यांचा उल्लेख तिथे ओझरताच होता.

अपघातानंतर वीस दिवसांनी, २० मे १९२६ रोजी अमेरिकेत एअर कॉमर्स ॲक्टवर सही झाली. वैमानिकांना परवाने द्यायचं आणि विमान उडण्याच्या लायकीचं आहे का हे तपासायचं काम त्या कायद्याने सरकारकडे आलं. डॅलसहून निघालेल्या त्या जेनीला अशी तपासणी कधी लागलीच नव्हती.

विमान शाळेचं काम दुसऱ्यांनी पुढे नेलं. विल्यम पॉवेल यांनी १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला बेसी कोलमन एअरो क्लब सुरू केला. तिथे काळे तरुण-तरुणी एकत्र शिकले. १९९२ मध्ये मे जेमिसन अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या, तेव्हा त्यांच्यासोबत बेसी यांचा फोटो होता. १९९५ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२३ मध्ये पाव डॉलरच्या नाण्यावर त्या आल्या.

त्यांची कबर शिकागोजवळच्या लिंकन स्मशानभूमीत आहे. १९३१ मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय वैमानिकांनी तिच्यावरून विमानं नेऊन वरून फुलं टाकली आणि तेव्हापासून ही प्रथाच पडली.